झोपेतील श्वासरोधाची लक्षणे आणि उपचाराची वाट : जव्हार-मोखाडा परिसराच्या संदर्भात

सारांश

झोपेत श्वास वारंवार अडखळणे वा थांबणे हा विकार शहरी व स्थूल व्यक्तींचा आहे, असा समज सर्वत्र रूढ आहे. त्यामुळे आदिवासीबहुल ग्रामीण भागात त्याची लक्षणे दिसूनही ओळखली जात नाहीत. प्रस्तुत लेखात या विकाराचे स्वरूप, मुलांमधील व प्रौढांमधील लक्षणे, कुपोषण व सिकलसेल यांच्याशी असलेला त्याचा संबंध आणि उपचाराच्या उपलब्ध पायऱ्या यांचे विवेचन जव्हार व मोखाडा या तालुक्यांच्या संदर्भात केले आहे. निवासी शिक्षणव्यवस्थेमुळे या परिसरात शिक्षक, अधीक्षक व सहनिवासी विद्यार्थी हेच या विकाराचे पहिले निरीक्षक ठरतात, हे या लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे.

बीजसंज्ञा : झोपेतील श्वासरोध, घोरणे, आश्रमशाळा, कुपोषण, सिकलसेल, निद्राचाचणी.

१. प्रस्तावना

वर्गात तास सुरू असताना एखादा विद्यार्थी पेंगू लागला, की त्याच्याविषयीचे मत बनण्यास वेळ लागत नाही. तो आळशी आहे, त्याला अभ्यासात रस नाही, रात्री तो मोबाइल पाहत बसला असेल, असे निष्कर्ष सहज काढले जातात. त्यांपैकी काही खरेही असतात. मात्र रात्री आठ तास अंथरुणात घालवूनही ज्याची झोप पुरी होत नाही, असा विद्यार्थी त्याच बाकावर बसलेला असू शकतो. त्याची झोप दर काही मिनिटांनी तुटत असते आणि ती तुटते हे त्याला स्वतःला ठाऊक नसते. या विकाराला वैद्यकशास्त्रात स्लीप ॲप्निया, म्हणजेच झोपेतील श्वासरोध, असे म्हणतात.

जव्हार व मोखाडा हे पालघर जिल्ह्याच्या पूर्वेकडील डोंगराळ तालुके होत. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर जिल्हा अस्तित्वात आला. वारली, कोकणा, कातकरी, ठाकूर, महादेव कोळी, ढोर कोळी इत्यादी जमातींची वस्ती असलेल्या या तालुक्यांकडे महाराष्ट्राचे लक्ष प्रामुख्याने वेधले गेले ते १९९२-९३ मध्ये जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथे झालेल्या बालमृत्यूंमुळे. तेव्हापासून या परिसराच्या आरोग्याची चर्चा मुख्यतः कुपोषण, बालमृत्यू, मातामृत्यू व हिवताप यांच्याभोवती फिरत राहिली आहे. ती योग्यच आहे. परंतु या चर्चेत झोपेला स्थान मिळाले नाही. झोपेतील श्वासरोध येथे अपरिचित राहिला, याचे एक कारण हेही आहे.

२. उद्दिष्टे व अभ्यासपद्धती

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत.

१) झोपेतील श्वासरोधाची संकल्पना स्पष्ट करणे.
२) मुलांमधील व प्रौढांमधील लक्षणांचा परिचय करून देणे.
३) जव्हार-मोखाडा परिसरात या लक्षणांचा चुकीचा अर्थ का लावला जातो, याचा विचार करणे.
४) उपचाराची व्यवहार्य वाट आणि तीत शिक्षकांची भूमिका मांडणे.

लेखाचे स्वरूप वर्णनात्मक व विश्लेषणात्मक असून तो दुय्यम साधनांवर आधारित आहे.

३. झोपेतील श्वासरोध : संकल्पना

झोप लागल्यावर शरीरातील स्नायू सैल पडतात. जीभ, टाळूचा मागचा मऊ भाग, पडजीभ आणि घशाच्या भिंती यांना आधार देणारे स्नायूही त्यास अपवाद नसतात. ज्यांचा श्वासमार्ग मुळातच अरुंद असतो, त्यांच्या बाबतीत हे भाग मागे सरकून हवेची वाट अडवतात. वाट अर्धवट अडली, की हवेच्या प्रवाहाने मऊ भाग थरथरतात. त्यालाच आपण घोरणे म्हणतो. वाट पूर्ण बंद झाली, की घोरण्याचा आवाज एकाएकी थांबतो. छाती व पोट हलत राहतात, परंतु नाकातोंडातून हवा जात नाही. रक्तातील प्राणवायूचे प्रमाण घटते, मेंदू धोक्याची सूचना देतो, झोप क्षणभर चाळवते आणि मोठ्या धापेसरशी श्वास पुन्हा सुरू होतो. ही जाग इतकी अल्पकाळ टिकते, की सकाळी तिची आठवण राहत नाही.

प्रौढांमध्ये १० सेकंद वा त्याहून अधिक काळ श्वास थांबल्यास तो श्वासरोध मानला जातो. पूर्ण थांबलेले व लक्षणीय मंदावलेले श्वास मिळून तासाला ५ ते १४ वेळा असा प्रकार घडल्यास विकार सौम्य, १५ ते २९ वेळा घडल्यास मध्यम आणि ३० वा अधिक वेळा घडल्यास तीव्र समजतात. मुलांचे निकष अधिक कडक आहेत. त्यांच्यात तासाला एखादा श्वासरोधही दुर्लक्षणीय मानला जात नाही. याखेरीज मेंदूकडून श्वासाची आज्ञाच वेळेवर न निघण्याचा एक प्रकार आहे. तो तुलनेने विरळ असून हृदय दुर्बल झालेल्या रुग्णांत विशेष आढळतो. प्रस्तुत लेखात अडथळ्यामुळे होणाऱ्या श्वासरोधाचाच विचार केला आहे.

विकार दीर्घकाळ राहिल्यास त्याचे परिणाम झोपेपुरते मर्यादित राहत नाहीत. उच्च रक्तदाब, हृदयाच्या ठोक्यांची अनियमितता, पक्षाघात व मधुमेह यांच्याशी त्याचा संबंध आढळला आहे. वाहनचालकांच्या बाबतीत अपघाताचा धोका दोन ते तीन पटींनी वाढतो, असे विविध अभ्यासांचे एकत्रित निष्कर्ष सांगतात. तोरंगण घाटासारख्या वळणावळणाच्या रस्त्यावरून प्रवासी जीप वा मालवाहू टेम्पो चालविणाऱ्याच्या संदर्भात या आकड्याचा अर्थ वेगळा समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

४. संशोधनाचा मागोवा

झोपाळू स्थूल व्यक्तीचे वर्णन चार्ल्स डिकन्स यांनी १८३६-३७ मधील 'पिकविक पेपर्स' या कादंबरीत केले होते आणि त्यावरून १९५६ मध्ये एका आजाराला 'पिकविकियन' असे नावही मिळाले. या नावामुळे विकाराची स्थूलतेशी सांगड पक्की झाली. प्रत्यक्षात झोपेत श्वास थांबतो, याची यंत्राद्वारे नोंद १९६५ मध्ये फ्रान्स व जर्मनीतील संशोधकांनी स्वतंत्रपणे केली. १९७६ मध्ये क्रिस्तियान गिलमिनो व त्यांच्या सहकाऱ्यांनी या विकाराची मांडणी एक स्वतंत्र लक्षणसमूह म्हणून केली. तो स्थूल नसलेल्या व्यक्तींना व लहान मुलांनाही होतो, ही बाब त्या काळातच स्पष्ट झाली होती. १९८१ मध्ये ऑस्ट्रेलियातील कॉलिन सलिवन यांनी नाकावर बसविलेल्या मुखवट्यातून सतत हवेचा दाब देण्याची पद्धत प्रसिद्ध केली. आज 'सीपॅप' या नावाने तीच पद्धत मुख्य उपचार म्हणून वापरली जाते.

महाराष्ट्रातील महत्त्वाचा अभ्यास मुंबईत झाला. डॉ. झरीर उदवाडिया व सहकाऱ्यांनी हिंदुजा रुग्णालयात नियमित आरोग्यतपासणीसाठी आलेल्या ३५ ते ६५ वयोगटातील पुरुषांचा अभ्यास केला. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासानुसार १९.५ टक्के पुरुषांत झोपेतील श्वसनदोष आढळला, तर ७.५ टक्के पुरुषांत त्यासोबत दिवसाचा झोपाळूपणाही होता. २०२३ मध्ये भारतातील विविध अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झाले. त्यात प्रौढांमधील प्रमाण सुमारे ११ टक्के व कार्यक्षम वयातील बाधितांची संख्या सुमारे १० कोटी ४० लाख असल्याचे अनुमान मांडले आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये संगीतकार बप्पी लाहिरी यांचे मुंबईत निधन झाले, तेव्हा डॉक्टरांनी मृत्यूच्या कारणांत या विकाराचा उल्लेख केला आणि काही दिवस त्याची सार्वजनिक चर्चाही झाली. मात्र या चर्चेनेही 'हा शहरातील संपन्नांचा आजार' हा समज दूर झाला नाही.

५. लक्षणांचा चुकीचा अर्थ का लावला जातो?

जव्हार-मोखाडा परिसरात हा विकार ओळखला न जाण्यामागे पुढील कारणे संभवतात.

पहिले कारण म्हणजे शरीरयष्टीविषयीचा समज. येथील बहुसंख्य लोक श्रमजीवी व शरीराने सडपातळ आहेत. परंतु श्वासमार्गाची रुंदी केवळ चरबीवर अवलंबून नसते. जबड्याची ठेवण, मागे असलेली हनुवटी, मोठे टॉन्सिल, नाकाचा वाकलेला पडदा ही कारणे सडपातळ व्यक्तीतही असतात. आशियाई लोकांत तुलनेने कमी वजन असतानाही हा विकार आढळतो, हे अनेक अभ्यासांतून दिसून आले आहे.

दुसरे कारण घोरण्याविषयीच्या धारणेत आहे. घोरणाऱ्या माणसाला 'डाराडूर झोपला आहे' असे म्हटले जाते. म्हणजे घोरणे हे गाढ झोपेचे लक्षण समजले जाते. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. मोठ्याने व अडखळत घोरणाऱ्याची झोप गाढ नसून पुन्हा पुन्हा तुटणारी असते.

तिसरे कारण थकव्याच्या सार्वत्रिकतेत आहे. आवणीच्या दिवसांत भल्या पहाटेपासून शेतात राबणारी स्त्री किंवा दिवाळीनंतर भिवंडी, वसई परिसरातील वीटभट्ट्यांवर स्थलांतर करणारा मजूर दिवसा थकलेला दिसणे स्वाभाविक मानले जाते. स्त्रियांच्या बाबतीत तर हा प्रश्न अधिक अवघड आहे. त्यांच्यात जोरदार घोरण्यापेक्षा सकाळची डोकेदुखी, अपुरी झोप, सततचा शीण व उदासी ही लक्षणे अधिक दिसतात आणि ती सर्व कष्टांच्या किंवा रक्तक्षयाच्या खात्यावर जमा होतात.

चौथे कारण लक्षणाच्या अर्थाचे आहे. गुदमरून दचकून उठणे, छातीवर काहीतरी बसल्यासारखे वाटणे, या अनुभवांचा अर्थ ग्रामीण भागात बाहेरची बाधा असा लावला जातो आणि प्रथम भगताकडे धाव घेतली जाते. या श्रद्धेची हेटाळणी केल्याने रुग्ण दवाखान्यात येत नाही. भगताकडे जाणाऱ्यालाही 'एकदा झोपेतला श्वास डॉक्टरांकडून तपासून घ्या' असे सांगणे हाच अधिक उपयुक्त मार्ग होय.

पाचवे कारण प्रचलित प्रश्नावल्यांचे आहे. १९९१ मध्ये ऑस्ट्रेलियात मरे जॉन्स यांनी तयार केलेल्या एपवर्थ मापनात आठ प्रसंगी डुलकी लागण्याची शक्यता विचारली जाते व २४ पैकी १० हून अधिक गुण हे अवाजवी झोपाळूपणाचे चिन्ह मानतात. त्यातील एक प्रसंग रहदारीत थांबलेल्या मोटारीतील आहे. २००८ मध्ये कॅनडात तयार झालेल्या 'स्टॉप-बँग' प्रश्नावलीत ३५ हून अधिक शरीरवस्तुमान निर्देशांक व ४० सेंटिमीटरहून अधिक मानेचा घेर यांना गुण आहेत. पाड्यावरील सडपातळ रुग्ण अशा प्रश्नांत कमी गुण मिळवून सुटतो. रेशनच्या रांगेत बसल्याबसल्या, जीपच्या प्रवासात किंवा ग्रामसभेत डोळा लागतो का, असे विचारल्यास उत्तर अधिक खरे मिळेल. अर्थात अशा बदललेल्या प्रश्नांचा उपयोग संशय येण्यापुरताच करावा, निदानासाठी नव्हे.

६. मुलांमधील लक्षणे आणि कुपोषण

मुलांमध्ये या विकाराचे प्रमुख कारण म्हणजे वाढलेले टॉन्सिल आणि नाकाच्या मागील बाजूस असलेल्या ॲडेनॉइड ग्रंथी. साधारणतः दोन ते आठ वर्षे या वयात त्या घशाच्या मानाने मोठ्या असतात. रात्री मूल मोठ्याने घोरते, तोंड उघडे ठेवून झोपते, मान मागे टाकते, फार घामेजते, झोपेत सतत कूस बदलते. श्वास घेताना त्याच्या बरगड्यांखालचा भाग आत ओढला जातो. पूर्वी थांबलेले अंथरूण ओले करणे पुन्हा सुरू होते. दिवसा मात्र असे मूल नेहमीच पेंगत नाही. पुष्कळदा ते चंचल, चिडखोर व विसराळू दिसते. म्हणूनच शिक्षकांकडून त्याची गणना 'खोडकर' वा 'मंद' मुलांत होण्याचा संभव अधिक असतो.

ही चूक जुनी आहे. १८८९ मध्येच विल्यम हिल या ब्रिटिश डॉक्टरांनी मुलांच्या अभ्यासातील मागासलेपणाचा संबंध नाकाघशातील अडथळ्याशी जोडला होता. १९९८ मध्ये डेव्हिड गोझाल यांनी अमेरिकेतील पहिलीच्या वर्गात गुणानुक्रमे तळाच्या दहा टक्क्यांत असलेल्या २९७ मुलांची तपासणी केली. त्यांपैकी ५४ मुलांत झोपेतील श्वसनदोष आढळला. ज्या २४ मुलांवर शस्त्रक्रिया झाली, त्यांची श्रेणी पुढील वर्षी सुधारली. उपचार न घेतलेल्या मुलांत तशी सुधारणा दिसली नाही. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अधिक काटेकोर अमेरिकन चाचणीत ५ ते ९ वर्षांची ४६४ मुले होती. शस्त्रक्रियेनंतर ७९ टक्के मुलांची निद्राचाचणी सामान्य झाली, तर केवळ निरीक्षणाखाली ठेवलेल्या गटात हे प्रमाण ४६ टक्के होते. वर्तन व जीवनमान सुधारले. मात्र अवधानाच्या औपचारिक कसोटीत दोन्ही गटांत लक्षणीय फरक पडला नाही. तात्पर्य, शस्त्रक्रियेने प्रत्येक मूल हुशार होते असे नाही; परंतु आजारी मुलाला मंद ठरविण्याचा अन्याय टळतो.

जव्हार-मोखाड्याच्या दृष्टीने आणखी एक बाब महत्त्वाची आहे. तीव्र श्वासरोध असलेल्या मुलाची वाढ खुंटू शकते. रात्रभर श्वासासाठी झगडण्यात शक्ती खर्च होते, गाढ झोपेत स्रवणाऱ्या वाढीच्या संप्रेरकावर परिणाम होतो आणि मोठ्या टॉन्सिलमुळे गिळणेही त्रासाचे होते. योग्य उपचारानंतर अशा मुलांचे वजन व उंची वाढल्याचे आढळले आहे. येथील कुपोषणाचे मूळ दारिद्र्य, अपुरा आहार, वारंवारचे संसर्ग व स्थलांतर यांत आहे. ते श्वासरोधात शोधणे चुकीचे ठरेल. परंतु पोषण आहार मिळत असूनही एखाद्या बालकाचे वजन वाढत नसेल आणि ते रात्री घोरत असेल, तर त्याचा घसा तपासण्याचे पुरेसे कारण आहे. घोरण्याविषयीचा हा एक प्रश्न अंगणवाडी सेविका आईला सहज विचारू शकते.

७. सिकलसेल व रात्रीचा प्राणवायू

महाराष्ट्राच्या आदिवासी पट्ट्यात सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकार आढळतो. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे राष्ट्रीय सिकलसेल ॲनिमिया निर्मूलन अभियानाचा प्रारंभ झाला असून ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी व्यक्तींची तपासणी हे त्याचे लक्ष्य आहे. या विकारातील हिमोग्लोबिन प्राणवायू कमी झाला की गोठल्यासारखे कडक होते, तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात आणि सूक्ष्म रक्तवाहिन्या तुंबतात. त्यातूनच असह्य वेदनांचे झटके येतात.

झोपेतील श्वासरोधात रात्री वारंवार प्राणवायूच कमी होतो. म्हणजेच एक विकार दुसऱ्याला पोषक परिस्थिती निर्माण करतो. सिकलसेलग्रस्त मुलांत झोपेतील श्वासरोध सामान्य मुलांपेक्षा अधिक प्रमाणात आढळतो आणि रात्रीच्या कमी प्राणवायूचा मेंदूवरील दुष्परिणामांशी संबंध दिसून आला आहे. म्हणून सिकलसेलची नोंद असलेला विद्यार्थी घोरत असल्यास त्याची तपासणी लांबणीवर टाकू नये. त्याचप्रमाणे टॉन्सिलच्या शस्त्रक्रियेपूर्वी सिकलसेलची चाचणी झालेली असणे व तिचा अहवाल भूलतज्ज्ञांना दाखविणे आवश्यक आहे, कारण भुलीच्या काळात प्राणवायू कमी होणे अशा रुग्णास धोक्याचे असते.

८. निरीक्षण कसे करावे?

हा विकार रुग्णाला स्वतःला दिसत नाही. तो शेजारी झोपणाऱ्याला दिसतो. घरी ही भूमिका आई वा जोडीदार पार पाडतात. परंतु या परिसरातील असंख्य मुले आश्रमशाळांत व वसतिगृहांत राहतात. वर्षातील बहुतेक रात्री त्यांचा श्वास आईच्या कानावर पडत नाही. तेथे अधीक्षक, अधीक्षिका आणि खोलीतील मित्र हेच साक्षीदार असतात. त्यांनी पुढील गोष्टी पाहाव्यात.

१) घोरणे आठवड्यातून तीन वा अधिक रात्री होते का? सर्दी-पडसे नसतानाही होते का?
२) घोरता घोरता अचानक शांतता पसरते व नंतर धाप लागल्यासारखा किंवा गुदमरल्यासारखा आवाज येतो का?
३) त्या शांततेत छाती-पोट हलते, पण नाकाशी धरलेल्या हाताला हवा लागत नाही, असे होते का?
४) सकाळी डोके दुखते का? तोंड कोरडे पडते का?
५) रात्री लघवीसाठी वारंवार उठावे लागते का? मोठ्या मुलाचे अंथरूण ओले होते का?
६) पुरेशी झोप होऊनही वर्गात, प्रवासात वा बोलताबोलता डोळा लागतो का?

विकाराचा जोर पहाटेच्या झोपेत पुष्कळदा वाढतो, म्हणून केवळ पहिल्या प्रहरातील निरीक्षण पुरेसे नाही. पालकांच्या संमतीने मोबाइलवर दोन-तीन मिनिटांचे चित्रण करून ते केवळ डॉक्टरांना दाखविल्यास निदानाला मोठी मदत होते. हे चित्रण मित्रमंडळींत फिरणार नाही, ही जबाबदारी चित्रण करणाऱ्याची आहे. घोरण्यावरून होणारी थट्टा विद्यार्थ्याला गप्प करते व विकार लपतो.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. करोना काळापासून बोटाला लावण्याचे ऑक्सिमीटर सर्वत्र परिचित झाले आहे. दिवसा जागेपणी त्यावर ९८ टक्के दिसले, म्हणून झोपेतील श्वासरोध नाही, असे म्हणता येत नाही. जागेपणी श्वासमार्ग उघडाच असतो.

झोपाळूपणाची इतर कारणेही तपासली पाहिजेत. रक्तक्षय, थायरॉइडचा विकार, हिवतापानंतरची अशक्तता, क्षयरोग, नैराश्य, रात्रपाळीची मजुरी आणि रात्री उशिरापर्यंतचा मोबाइल ही त्यांतील प्रमुख होत. रक्तक्षय आढळला म्हणून श्वासरोध नाही असे मात्र नव्हे. दोन्ही एकाच व्यक्तीत असू शकतात.

९. उपचाराची वाट

पहिली पायरी उपकेंद्र व प्राथमिक आरोग्य केंद्र ही आहे. तेथे रक्तदाब, वजन, हिमोग्लोबिन व घसा यांची तपासणी होऊ शकते. त्यापुढे मोखाड्याचे ग्रामीण रुग्णालय आणि जव्हारचे पतंगशाह कुटीर रुग्णालय आहे. कान-नाक-घसा तज्ज्ञ व निद्राचाचणी यांसाठी मात्र मोठ्या शहराकडे जावे लागते. मोखाड्याहून त्र्यंबकेश्वरमार्गे नाशिक हे जिल्हा मुख्यालय पालघरपेक्षा जवळ पडते. मुंबईतील जेजे, केईएम, सायन व नायर ही वैद्यकीय महाविद्यालयांशी संलग्न सार्वजनिक रुग्णालयेही आहेत. एवढ्या अंतरावर जाण्यात मजुरी बुडते. म्हणून प्राथमिक आरोग्य केंद्राचे संदर्भपत्र, जुने कागद, सिकलसेलचा अहवाल व झोपेचे चित्रण सोबत घेतल्यास फेऱ्या कमी होतात. दूरसल्ल्यासाठी 'ई-संजीवनी' या शासकीय सेवेचा उपयोग करता येतो. शस्त्रक्रियेचा खर्च महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत बसतो का, हे संबंधित रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे आधीच विचारून घ्यावे.

निद्राचाचणीत रुग्णाला एक रात्र झोपवून श्वास, प्राणवायू, हृदयाचे ठोके व मेंदूच्या लहरी यांची नोंद करतात. प्रौढांसाठी घरी करावयाची सुटसुटीत चाचणीही उपलब्ध आहे. मुलांत टॉन्सिल व ॲडेनॉइड काढणे हा प्रमुख उपचार होय; सौम्य विकारात नाकात मारावयाच्या औषधी फवाऱ्याने काही काळ वाट पाहता येते. प्रौढांत मध्यम व तीव्र विकारासाठी सीपॅप यंत्र परिणामकारक आहे. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय चाचणीत सीपॅपमुळे हृदयविकार व पक्षाघाताचे प्रमाण घटल्याचे सिद्ध झाले नाही. परंतु दिवसाची झोप, घोरणे व मनःस्थिती यांत स्पष्ट सुधारणा झाली. हे यंत्र महाग असून त्याला रात्रभर वीज लागते. ज्या पाड्यावर वीज वारंवार जाते, तेथे हा उपचार सुचविताना डॉक्टरांनी व कुटुंबाने या अडचणीचा आधीच विचार करणे इष्ट आहे. खालचा जबडा पुढे धरून ठेवणारे दंतसाधन हा काही रुग्णांसाठी पर्याय ठरतो.

काही उपाय खर्चाशिवाय करता येतात. उताणे न झोपता कुशीवर झोपावे. संध्याकाळची ताडी, मोहाची वा अन्य दारू टाळावी, कारण मद्याने घशाचे स्नायू अधिक सैल पडतात. विडी-तंबाखू सोडावी. डॉक्टरांच्या सल्ल्याविना झोपेच्या गोळ्या घेऊ नयेत. वजन अधिक असल्यास ते घटवावे. निदान होऊन उपचार लागू पडेपर्यंत घाटातील वाहन चालवू नये. श्वास घेताना मुलाचे ओठ निळसर पडत असतील, किंवा प्रौढास छातीत दुखणे अथवा अर्धांगाची लक्षणे जाणवत असतील, तर तत्काळ १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकेची मदत घ्यावी.

१०. शिक्षकांची भूमिका

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघर येथूनच झाला होता. या कार्यक्रमातील पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा व शाळेत एकदा येऊन १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी करतात. परंतु ही तपासणी दिवसा होते आणि झोपेतील श्वासरोध हा कार्यक्रमाच्या मूळ ३० आरोग्यस्थितींच्या यादीत नाही. पथकाचा डॉक्टर कितीही कुशल असला, तरी मूल रात्री कसे झोपते हे त्याला कोणीतरी सांगावे लागते. अधीक्षकांनी व वर्गशिक्षकांनी अशा विद्यार्थ्यांची छोटी यादी आधी करून पथकाच्या हाती दिल्यास कोणताही जादा खर्च न होता ही उणीव बरीच भरून निघेल.

महाविद्यालयीन प्राध्यापकांपुढील विद्यार्थी या तपासणीच्या वयाबाहेर गेलेला असतो. तेथे राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात एक सत्र झोपेच्या आरोग्यावर ठेवता येईल. वसतिगृहातील विद्यार्थ्यांना वरील सहा प्रश्न समजावून देता येतील. पेंगणाऱ्या विद्यार्थ्याला सर्वांसमोर उभे करण्यापूर्वी त्याला एकांतात 'रात्री झोप कशी लागते? खोलीतील मुले काय सांगतात?' एवढे विचारणे ही तर कोणत्याही योजनेविना करता येण्याजोगी गोष्ट आहे. शिक्षकाने निदान करावयाचे नाही. त्याने केवळ संशय नोंदवून विद्यार्थ्याला योग्य दारापर्यंत पोहोचवावयाचे आहे.

११. समारोप

झोपेतील श्वासरोध हा ओळखता येणारा व बहुतांशी उपचार होऊ शकणारा विकार आहे. जव्हार-मोखाड्यात त्याची ओळख पटण्याआड सर्वाधिक येतात ते 'हा स्थूलांचा आजार' आणि 'घोरणारा गाढ झोपतो' हे दोन समज. ते दूर झाल्याखेरीज रुग्ण पहिल्या पायरीपर्यंतही पोहोचणार नाही. कुपोषण व सिकलसेल यांचा भार वाहणाऱ्या या परिसरात घोरण्याकडे दुर्लक्ष करणे अधिक महागात पडते, कारण येथील बालकांपाशी गमावण्यास शक्तीची शिल्लक मुळातच थोडी असते.

निद्राचाचणीची यंत्रणा तालुक्याच्या ठिकाणी येण्यास काळ लागेल. तोपर्यंत आश्रमशाळेच्या शयनगृहात रात्री फेरी मारणाऱ्या अधीक्षकाने दोन मिनिटे थांबून एखाद्या मुलाचा श्वास ऐकणे आणि वर्गातील प्राध्यापकाने पेंगणाऱ्या विद्यार्थ्याविषयीचे आपले मत काही दिवस राखून ठेवणे, या दोन गोष्टी आजच शक्य आहेत. एखाद्या विद्यार्थ्याचे शिक्षण त्यांवर अवलंबून असू शकते.